दक्षिणेचा चर

आमचं नाल्याकाठचं वावर पार चिबड. पाऊस उघडून महिना झाला तरी पाणी हटायचं न्हाई, बैल पोटापोतर रुतायचे. त्या साली मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सांगूनच टाकलं, "औंदा इथं शाळू पेरला न्हाई, तर धाकल्यानं जालन्याला कापसाच्या जिनात कामाला जावं." धाकले म्हणजे आमचे हे! लग्नाला चार महिने झाल्ते. मी काय नवरा जिनाला द्यायला नांदायला आल्ते?

पाणी काढायला चर होता की! चांगला लांब, कमरंइतका खोल. पण पूर्वेला. अन् उतार कुठं, तर दक्षिणेला, नाल्याकडं. आंधळ्यालाबी कळंल. पण दक्षिण यमाची. तिकडं तोंड करून कुदळ मारायची न्हाई, असा घराचा नेम. दरसाली तोच चर उपसायचे, दरसाली पाणी तिथंच बसायचं.

एक दिवस भाकरी घेऊन गेले, तर हे गुडघाभर चिखलात तोच चर उपसून राह्यले होते. मला हसूच फुटलं. म्हणलं, "अवं, नाल्यात उतरा अन् तिकडून खंदत या. तोंड उत्तरेला. पाणी जाईना का दक्षिणेला, त्याला कोण इचारतंय?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, चराकडं बघितलं, अन् हसत हसत चिखलातच बसले. मंग तसेच उठून मामंजींकडं गेले. मामंजींनी मिशीवरनं हात फिरवला. मंग म्हणले, "नेम तर मोडत न्हाई. बिलकुल मोडत न्हाई. खंदा!"

आठ दिवस सगळं घर नाल्यात. निघालेली माती काठावर टाकून पाळ घातली, म्हणजे पूर आला तरी वावरात घुसायला नको. मी पाट्या वाहत गाणी म्हणायची. जाऊबाई म्हणल्या, "हिला येड लागलंय." लागलंच होतं बाई!

शेवटी हातभर माती उरली. ह्यांनी कुदळ घातली, अन् पाणी असं सुटलं की ह्यांनाच घेऊन गेलं, धोतरासकट, थेट नाल्यात! मी पाटी फेकून पळाले, हाताला धरून वर ओढलं. सगळ्या घरादेखत! सासऱ्यापुढं नवऱ्याशी बोलायचीबी चोरी होती तवा.

मामंजी काठावर उभे राहून पाणी बघत होते. वळले न्हाईत. म्हणले, "सूनबाई, सोड आता त्याचा हात. कुठं जात न्हाई तो."