मम्मींच्या दोन याद्या

"चिठ्ठी तिन्ही दिन्हीच नही व्हई. खोटं बोलस ती."

शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत बसलेली एक आई आपल्याच मुलीबद्दल हे बोलत होती. मी पत्र्याच्या अलीकडे उभी होते. भरीत किती वाजता तयार होईल ते विचारून ये, म्हणून मुख्याध्यापिकांनी मला पाठवलं होतं. तिची मुलगी माझ्या वर्गात, दुसरीत. आई म्हणत होती दिलीच नसेल, आणि चिठ्ठी मुलीने दिली होती. माझ्याच हातात, प्रार्थना संपल्यावर, चार घड्या घातलेली.

शेजारी मिरच्यांची देठं खुडणारी बाई हसली. "बरं व्हयनं. तू गोट सांगाले जाती, ते वांगा कोन भुंजतं?"

गोष्ट सांगायला गेली असतीस तर वांगी कोणी भाजली असती, असं तिचं म्हणणं. मुलीची आईही हसली. मग म्हणाली, आज घरी गेल्यावर बघतेच तिच्याकडे. चिठ्ठी हरवली ती हरवली, वर मिसकडे दिली म्हणून मिसचं नाव घेते. मिस कशाला खोटं बोलतील? हे सगळं अहिराणीत चाललं होतं आणि मला शब्दन् शब्द कळत होता. मला अहिराणी कळते, हे शाळेत कोणालाच माहीत नाही.

काही न विचारताच मी परत फिरले आणि मुख्याध्यापिकांना सांगितलं, अर्धा तास लागेल.

चाळीसगावच्या या इंग्रजी शाळेत मला दोन वर्षं झाली. या डिसेंबरात आम्ही पालकांचा दिवस ठेवला होता. आईवडिलांनी नुसतं फी भरायला आणि मार्क ऐकायला येऊ नये, शाळेच्या कामात हात लावावा, अशी कल्पना. घरोघरी इंग्रजीत पत्रक गेलं. तुम्हाला काय करायला आवडेल: गोष्ट सांगणं, हस्तकला, जेवण? बहुतेकांनी कुठेतरी खूण करून पाठवलं. या आईने पत्रक तसंच कोरं ठेवून त्याला वहीचं अर्धं पान टाचलं होतं. हीच ती चिठ्ठी. त्यावर मराठीत, जपून काढलेल्या अक्षरात: मी मुलांना गोष्ट सांगेन. आमच्या गावाकडची आहे. पाच मिनिटांत होते.

यादी करायचं काम माझ्याकडे होतं. मी दोन याद्या केल्या. एक वर्गात येणाऱ्या मम्मींची, दुसरी भरीत करणाऱ्या मम्मींची. प्रवेशाच्या फॉर्मवर आईच्या शिक्षणाचा एक रकाना असतो. तो बघत बघत मी नावं वाटली. तसं कर, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. तिचं नाव मी आधी गोष्टीच्या यादीत लिहिलंसुद्धा होतं. मग डोळ्यांपुढे आलं की संस्थेची मंडळी मागच्या बाकांवर येऊन बसली आहेत, ती उभी राहून गावाकडच्या बोलीत सुरुवात करते आहे आणि मंडळी तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत आहेत. मी तिचं नाव खोडलं आणि तिथे एका दातांच्या डॉक्टर असलेल्या आईचं लिहिलं.

नोटीस बोर्डावर यादी लागली त्या दिवशी मुलगी टेबलापाशी आली. "मिस, माझ्या मम्मीचं नाव नाही." मी वह्या तपासत होते. वर न बघता म्हणाले की मला चिठ्ठी मिळालीच नाही. ती तिथेच उभी राहिली. तिने चिठ्ठी मला दिली होती हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. तरी मी पुढे म्हणाले, "बॅगेतच राहिली असेल, नीट बघ." मधल्या सुट्टीभर ती दप्तर उपसून बघत होती. कंपासपेटी उघडून, पुस्तकांची कव्हरं काढून. मी स्टाफरूममध्ये जाऊन बसले. चिठ्ठी माझ्या हजेरीपटात होती.

माझी आई धुळ्याकडच्या खेड्यातली. आम्ही जळगावला राहायचो. आई घरात मराठी बोलायची आणि मावश्यांशी फोनवर अहिराणी. आठवीत असताना एकदा मैत्रीण आली होती, तेव्हा मी आईला जरा हळू बोल म्हणाले. तेव्हापासून ती फोन आला की आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेते. शाळेच्या ओपन डेला मी तिला आधीच बजावायचे, तू काही विचारू नकोस, मी बोलेन. टीचर बोलायच्या आणि ती मान डोलवायची. त्यातलं किती तिला कळत होतं, हे मी कधी विचारलं नाही. म्हणजे मी जे केलं ते माझ्या नकळत झालं, असं मला म्हणता येत नाही.

वर्गात डॉक्टर आईने छान चित्रांचं पुस्तक आणलं होतं. मुलं चित्रं बघायला पुढे सरकली. ती मुलगी आपल्या बाकावरून हलली नाही. गोष्टीनंतर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या. मग मैदानावर मुख्याध्यापिकांचं भाषण झालं. घराने शाळेवर विश्वास ठेवावा आणि शाळेने घराचं ऐकावं, असं त्या म्हणाल्या. माझं इंग्रजी चांगलं म्हणून ते भाषण मीच लिहून दिलं होतं. मी खुर्च्या सरळ करायला लागले.

जेवणाची रांग लागली. वांगी त्या आईने घरच्या शेतातली आणली होती आणि जाळासाठी पऱ्हाट्याही. भरीतावर तेल चमकत होतं, कांद्याची पात हिरवीगार. माझी पाळी आली तेव्हा तिने मला हातचं न राखता वाढलं. मुख्याध्यापिका माझ्या मागेच ताट घेऊन उभ्या होत्या आणि असं भरीत हॉटेलातही मिळत नाही म्हणत होत्या. मुलगी आईच्या साडीला धरून उभी होती.

माझ्याशी तिची आई अहिराणीत बोलली नाही. शब्द जुळवून, आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करत म्हणाली, "मिस, हिचं मनावर घेऊ नका. वेंधळी आहे, पण अशी खोटं बोलत नव्हती कधी. तुमच्यावर ढकलते म्हणजे काय? तुम्हीच दोन रट्टे द्या. मी काही म्हणायची नाही."

मुलगी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. मिस आता काय सांगतात, हे बघत असावी. गेल्या काही दिवसांत घरी तिला किती वेळा विचारलं गेलं असेल आणि तिने किती वेळा तेच उत्तर दिलं असेल. कदाचित आता तिलाही वाटायला लागलं असेल की आपण चिठ्ठी दिलीच नव्हती.

मला एक वाट दिसत होती. चिठ्ठी आज सकाळीच सापडली, हजेरीपटात अडकली होती, असं म्हणता आलं असतं. मुलगी सुटली असती आणि मीही. तिची आई उलट माझे आभार मानून मोकळी झाली असती. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मागून मुख्याध्यापिका म्हणाल्या, "चला, पुढे सरका." मी सरकले नाही. ताटातल्या गरम भरीताने बोट भाजत होतं. चार माणसांत मोठ्याने बोलायचं म्हटलं की माझा आवाज चिरका होतो. तो तसाच निघाला.

"ताई, हिने चिठ्ठी त्याच दिवशी दिली होती. मी वाचली. तुमचं नाव मीच खोडलं, आणि हिला खोटं मी पाडलं."