मावशीचं आडवं पडणं

उभ्या सातारा जिल्ह्यात माझ्या धाकट्या मावशीइतकं आडवं आयुष्य कोणी काढलं नसेल. नव्वद सालानंतरची ती दोन-तीन वर्षं आठवली की मावशी मला आडवीच दिसते. कोरेगावच्या एसटी स्टँडवर बाकावर पिशवी उशाला घेऊन. टपाल कार्यालयात रांग सोडून भिंतीकडेला. हळदीकुंकवाला गेली तर वाण घ्यायच्या आधी यजमानीणबाईंच्या सतरंजीवर. वय चाळिशीचं, माहेर वाईचं, पेशा शिक्षिकेचा. अशा बाईनं चारचौघांत अंग टाकावं हे तेव्हा कुणाला पटत नसे. तिला मात्र संकोच म्हणून नव्हता. "उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीत श्वास कोंडतो. पडले की मोकळं वाटतं. मग पडू नको तर काय करू?" असा तिचा साधा सवाल असे.

शाळेतही तेच. दुसरीचा वर्ग ती खिडकीखालच्या सतरंजीवर आडवी होऊन घ्यायची आणि छताकडे बघत पोरांच्या चुका अचूक पकडायची. एकदा तपासणीला साहेब आले. दारातच थबकून म्हणाले, "बाई, बरं नाही का?" मावशी पडल्यापडल्या म्हणाली, "बरं आहे साहेब. एकोणिसाचा पाढा चाललाय. सातापर्यंत आलोय, पुढचा तुम्ही म्हणा." साहेब एकोणीस आठे एकशे बावन्नऐवजी एकशे बेचाळीस म्हणाले. चाळीस पोरं हसली, आणि शेऱ्यात मावशीच्या आडवं पडण्याचा उल्लेख राहून गेला.

डॉक्टर झाले, वैद्य झाले. संध्याकाळी अंगात कणकण असायची, सांधे दुखायचे, वजन उतरत चाललं होतं. एकानं अशक्तपणा सांगितला, दुसऱ्यानं पित्त, तिसऱ्यानं लहानपणच्या सांधेतापानं हृदयाची झडप आकसली असेल म्हटलं. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या काकांचं निदान सगळ्यांत सोपं होतं. काका फौजेतनं सुभेदार होऊन परतलेले, आता उसाच्या शेतीत रमलेले. ते म्हणायचे, "नाटकं हायती. आमच्या पलटणीत असं कोण पडलं असतं, तर बूट घालून मैदानाला चार चकरा मारायला लावल्या असत्या." आणि हाताला धरून तिला उठवायचे. ती उठायची, चार पावलं चालायची आणि जवळची सपाट जागा शोधायची.

मग सांगलीला आमच्या मामेबहिणीचं लग्न आलं. मी तेव्हा साताऱ्यात नोकरीला होते, म्हणून मावशीला आणि काकांना घेऊन मीच गेले. मंगलाष्टकं चालू असताना मावशी नवरीच्या ट्रंकेशेजारी पहुडली होती. निम्म्या अक्षता तिच्यावरच पडल्या. पहिली पंगत बसली तेव्हा आहेर द्यायला काकांनी तिला उठवलं. साडीची घडी हातात घेऊन ती उभी राहिली, ओठ निळसर झाले आणि ती सरळ खाली कोसळली.

नवऱ्या मुलाचे थोरले चुलते सांगलीतले जुने डॉक्टर. पंगतीतून तसेच उठून आले, श्रीखंडाचा हात धुतला आणि स्कूटरच्या डिकीतून छाती तपासायची नळी मागवली. तोवर मावशी शुद्धीवर आली होती. डॉक्टरांनी तिला झोपवून छाती ऐकली. मग बसवून ऐकली. पुन्हा झोपवलं, पुन्हा बसवलं.

"डॉक्टर, लग्नाला आलेय हो मी. उठाबशा कसल्या काढायला लावता?" मावशी पुटपुटली.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "झोपल्यावर आवाज एक येतोय, बसल्यावर दुसरा. नुसत्या झडपेच्या दोषाचा आवाज असा बदलत नाही. आत काहीतरी हलतंय."

दुसऱ्या दिवशी हृदयाची सोनोग्राफी झाली. पडद्यावर डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात देठाला लोंबकळणारी एक गाठ दिसली, ठोक्यागणिक झुलणारी. डॉक्टर आम्हाला म्हणाले, "कॅन्सर नाही. साधी गाठ आहे, पण बसलीय वाईट जागी. उभं राहिलं की ती खाली घसरते आणि मोरीच्या तोंडाशी बोळा अडकावा तशी झडपेत अडकते. रक्त पुढे जात नाही. झोपलं की बाजूला सरते. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायू व्हायचा. याच आठवड्यात पुण्याला न्या, काढून टाका."

मावशीनं पहिल्यांदा काय करावं? काकांकडे बघून विजयी मुद्रेनं म्हणाली, "ऐकलंत? नाटक झुलताना दिसतंय."

काका डॉक्टरांच्या मागोमाग उठले. बाहेर व्हरांड्यात डॉक्टरांना गाठून त्यांनी हळूच विचारलं, "डॉक्टरसाहेब, मी तिला लय येळा उठीवलं. हाताला धरून. त्यानं वाढलं का हो ते?"

डॉक्टर म्हणाले, "नाही, गाठ तुमच्यानं वाढली नाही. पण बाईंनी तुमचं ऐकलं असतं तर माझ्यापर्यंत पोचल्या नसत्या. त्या पडल्या म्हणून वाचल्या."

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

पुण्याला छाती उघडून गाठ काढली. लिंबाएवढी, जेलीसारखी बुळबुळीत. शुद्धीवर आल्यावर मावशीनं ती बरणीतून मागवून बघितली आणि म्हणाली, "एवढ्याशीनं मला तीन वर्षं झोपवलं!" चार महिन्यांनी ती शाळेत रुजू झाली. पोरं मात्र हिरमुसली, कारण बाई आता चालत शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होत्या.

त्या दिवाळीत मी कोरेगावला दोन दिवस राहिले. सकाळी जाग आली तेव्हा मावशी गाढ झोपेत होती आणि तिच्या खाटेशी काका चहाची कपबशी धरून उभे होते. किती वेळ, कोण जाणे. चहावर साय धरली होती. मी म्हटलं, "काका, हाक मारा की. गार होतोय."

काकांनी मला डोळ्यांनीच दटावलं. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "असू दे गं. दुसरा करतो."