खळग्यातली काळी

माझं माहेर अवसरी बुद्रुकचं. त्यामुळं मातीतलं आपल्याला सगळं कळतं, असा एक समज मी रुखवतात मांडून सासरी आणला होता. काळी ती चांगली आणि बाकीची ती बाकीची, एवढंच ते ज्ञान. सासर मढच्या पलीकडं, माळशेजच्या वाटेवरून आत शिरल्यावर. तिथं तांबडी माती, खडक, उतारावर नाचणी-वरई आणि खाली भाताची खाचरं. लग्नानंतर एकदा शेणाची पाटी घेऊन गोठ्यामागं गेले, तर खाली एक खळगा दिसला. लव्हाळा माजलेला, म्हशी निवांत लोळतायत, आणि त्यांच्या अंगाला लागलेली माती काळीकुळीत. मला वाटलं, या लोकांनी सोनं म्हशींना अंथरायला दिलंय.

"मामा, ही काळी पडीक का ठेवलीय?" मी सासऱ्यांना विचारलं.

"चिबड हाय ती, पोरी. बारमाही पाणी साचतंय तितं. निचरा न्हाई."

"मग निचरा करायचा."

मामांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडं पाहिलं. "अवसरीची हायेस खरी," एवढंच म्हणाले. ते कौतुक होतं असं मी पुढं कितीतरी वर्षं धरून चालले.

खळग्याचा ध्यास मला उगाच लागला नव्हता. नवरा भोसरीला एका कारखान्यात. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचा, सोमवारी कोंबड्याबरोबर उठून जायचा. संसार असा पाहुण्यासारखा चाललेला. भात एकदा काढलं की डोंगरात उन्हाळ्यात काही पिकत नाही, म्हणून सगळे तरुण खाली गेलेले. पण खळग्याला वरून एक झरा होता, उन्हाळ्यातसुद्धा बारीक का होईना वाहणारा. तिथं कांदा झाला, भाजीपाला झाला, तर हा माणूस घरी राहील, असा माझा हिशेब. त्यालाही तेच हवं होतं; फक्त तो बोलून दाखवायचा नाही. जेवताना मधेच विचारायचा, "तुमच्याकडं कांद्याला पाणी किती दिवसांनी देतात गं?" मला तेवढं पुरायचं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एका दिवाळीनंतर, आम्ही चर खणायला घेतला. खळग्यापासून ओढ्यापर्यंत. पहिल्या कुदळीला सडक्या अंड्यांचा असा वास सुटला की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पदर नाकाला लावून वर निघून गेल्या. जमिनीवर उभं राहिलं की ती हलायची. मी एका टोकाला उडी मारली की दुसऱ्या टोकाचा लव्हाळा डुलायचा. साचलेल्या पाण्यावर रॉकेल सांडल्यासारखा रंगीत तवंग. ती माती मी कौतुकानं मुठीत घेऊन दाबली, तर बोटांतून कोऱ्या चहासारखं पाणी गळून गेलं आणि हातात उरला अर्धवट कुजलेल्या पानांचा, मुळ्यांचा चोथा. कधीकाळी डोंगरावरून उतरलेला पाला तिथं बुडून राहिला होता. धड कुजला नाही, धड माती झाला नाही. त्याच्याखाली निळसर करडा चिखल, थंडगार, त्यात मुळ्यांच्या कडेनं गंजाच्या रेघा.

"वैनी, ह्यो मुरांबा कुठं विकायचा?" वरच्या घरातला चुलत दीर बांधावर बसून म्हणाला.

"तुम्हाला चाटायला ठेवते थोडा, भाऊजी," मी म्हटलं. तेव्हा अंगात जोर होता.

चर वाहू लागला आणि खळगा आटला. म्हशी काही दिवस काठावर येऊन उभ्या राहायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. मग एक विचित्रच सुरू झालं. पाणी गेलं तशी जमीनही खाली गेली. खळग्याच्या मधोमध एक खडक पूर्वी जमिनीच्या बरोबरीनं होता, तो आता नडगीइतका वर आला. आम्ही खोल खणलेला चर आपोआप उथळ झाला. खोल केला की जमीन पुन्हा बसायची. आणि वाळलेली ती काळी इतकी हलकी, की टोपलीभर उचलली तरी हाताला काही जाणवू नये. कांद्याची रोपं लावली, ती पिवळी पडून तशीच बसली. पाणी घातलं तर अळूच्या पानावरून घरंगळावं तसं मातीवरून घरंगळून जायचं. एकदा ओल गेल्यावर ती माती पाण्याला ओळखच देईना.

दुसऱ्या वर्षी नवरा बिनपगारी रजा टाकून आला. पाऊस सुरू व्हायच्या आत हजर झाला नाहीस तर हजेरीपटावरून नाव काढून टाकू, असं कारखान्यातून सांगितलेलं. म्हणजे तो राहणार की जाणार, हे त्या उन्हाळ्यात खळगा ठरवणार होता. मी रोज सकाळी उठून त्या मातीकडं आजारी माणसाच्या जिभेकडं बघावं तशी बघायचे.

उपाय मामांनी सांगितला. "भाजून काढू तिला. राब केला की लव्हाळ्याचं गड्डं मरंल, राख मिळंल. भाताची रोपं तिथंच टाकू. मग बघ कशी वळणावर येती."

आमच्या डोंगरात यात नवल काही नाही. रोपं टाकायच्या जागी शेण, पाला, गवताचे थर पसरून वर माती टाकायची आणि उन्हाळ्यात भाजायचं, हे सगळेच करतात. वाकड्या जमिनीवर तोच एक उपाय. आम्ही घरचं सगळं शेण, तोडून आणलेला सगळा टहाळ तिथं पसरला. एका सकाळी वारा पडलेला बघून मामांनी राब पेटवला. छान भाजला. मी तर पुरणपोळ्या केल्या.

दुसऱ्या दिवशी गावातले राब निवले, आमचा गरमच. त्याच्या दुसऱ्या दिवशी, जिथं काही पसरलंच नव्हतं, तिथल्या भेगेतून धूर येऊ लागला. जाळ नाही, आवाज नाही. जळक्या चिंधीसारखा वास. नवऱ्यानं पहार खुपसली, बाहेर काढली, तर टोकाला हात लावता येईना. तिथली वरची खपली त्यानं उपसली. आत लाल.

आम्ही राब भाजला नव्हता. आम्ही जमीनच पेटवली होती.

हंडे, घागरी, बादल्या, दिसेल त्या भांड्यात विहिरीवरनं पाणी आणून ओतलं. ते वरच्या भुकटीवरून घरंगळलं, थोडी वाफ झाली, आणि चार हात पलीकडं नवीन धूर निघाला. बारमाही पाण्यात बुडालेली जागा, आणि आता विझवायला तिथं थेंब नाही, कारण आम्हीच चर खणून सगळं पाणी ओढ्याला लावलेलं.

"जिमिनीला इडी वढायची सवय लागली, राव," चुलत दीर म्हणाला. पण म्हणता म्हणता त्यानं सदरा काढला आणि पहार घेतली.

धूर गोठ्याकडं सरकत होता. गोठ्याचा चौथरा त्याच काळीवर भर टाकून बांधलेला, आणि त्याला लागून घर. गाभण म्हैस बाहेर बांधली, पेंढा उपसून अंगणात आणला. आत्याबाई दर थोड्या वेळानं गोठ्याच्या जमिनीला तळहात लावून बघायच्या. पोराचा ताप बघावा तशा.

"चर बुजवला पायजे," नवरा म्हणाला.

मला ऐकूच आलं नाही असं मी केलं. "आधी मधे खंदक घेऊ. गोठ्याच्या अलीकडं. आग तुटेल."

"अगं..."

"खंदक घेऊ म्हटलं ना."

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि कुदळ उचलली. दिवसभर खणलं. तोंडं काळी, डोळ्यांतून पाणी, ते धुराचं असं सगळे समजून चाललेले. निळा चिखल लागेपर्यंत खणायचं, तर तो लागेना; कुजलेला पाला संपतच नव्हता. दुपारी खंदकाच्या गोठ्याकडच्या बाजूला, माझ्या पायांशी, एक भेग उमटली आणि तिच्यातून बारीक धूर निघाला. आग खालून पार झाली होती. मी तिच्यावर पाय दाबून उभी राहिले. पायानं झाकता येईल असं मला खरंच वाटलं. चप्पल गरम झाली तरी मी हलले नाही.

"आत्याबाई काय म्हणतात?" मी विचारलं.

"ऊन लागतंय हाताला," वरून त्यांचाच आवाज आला.

मामा चराच्या तोंडाशी जाऊन उकिडवे बसले होते. नवरा दगड आणायला निघाला, तेव्हा मी भेगेवरचा पाय काढला आणि त्याच्यामागं गेले. जो चर आम्ही दोन हिवाळे खणला, तो त्या दुपारी बुजवला. दगड, त्यावर निळा चिखल, त्यावर पुन्हा दगड. तो लावायचा, मी थापायचे. लिंपायला माझा हात चांगला, असं आत्याबाई नेहमी म्हणायच्या.

मग वाट बघणं. वैशाखातला झरा तो, करंगळीएवढा. पण होता. खळग्यात पाणी आधी ओलीसारखं आलं, मग डबक्यासारखं. एकेक भेग चुरचुरत बंद झाली. कित्येक दिवस कुठंतरी वाफ निघायची आणि आम्ही हंडा घेऊन धावायचो. शेवटी गोठ्याची जमीन गार लागली. राखेचं काळं पाणी खळगाभर पसरलं. जळून जमीन आणखी खाली गेली होती, त्यामुळं पाणी पूर्वीपेक्षा जास्तच साचलं. म्हशी वेळ न दवडता आत उतरल्या.

त्या वर्षी रोपांना राब नव्हता. मामांनी भावकीत शब्द टाकला आणि उरलीसुरली रोपं मागून आणली. त्यावर कुणी टोमणा मारला नाही, हेच फार लागलं.

त्याआधीच, पाऊस यायच्या आत, एका सोमवारी, नवरा निघाला. पिशवी खांद्याला. खळग्याच्या काठावर थांबला, चपला काढल्या, त्या पाण्यात पाय बुडवून धुतले.

"कांद्याला पाणी किती दिवसांनी देतात म्हणालीस?"

"आठ-दहा."

"बरं," म्हणाला, आणि चपला हातात घेऊन ओल्या पायांनीच एसटीच्या वाटेला लागला. त्याच्या मागं तांबड्या वाटेवर काळ्या पावलांची रांग उमटली. ऊन वर येईपर्यंत ती दिसत होती. मी तोवर तिथंच उभी होते, आणि पायाखालची जमीन जराशी हलत होती.