दादाचं पडणं

माझा मोठा भाऊ सिनेमात स्टंटमन आहे आणि मी एडिटर. म्हणजे तो पडतो आणि मी कापते. आईला कोणी विचारलं तर ती एवढंच सांगते, "दोघंही फिल्मलाइनला आहेत," आणि लगेच चहाचं विचारते. पुढचा प्रश्न तिला पाठ झालाय: मग दिसतात कुठे?

दिसत आम्ही कुठेच नाही. दादाचा चेहरा पडद्यावर येऊ नये हीच त्याच्या कामाची अट, आणि माझं काम नीट झालं तर ते झालंय हेही कळत नाही. कोपर स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहतो. इतकी वर्षं एकाच धंद्यात असूनही आम्ही दोघं एका सिनेमावर कधी नव्हतो. गेल्या वर्षी तो योग आला.

मोठ्या बजेटचा सिनेमा होता. त्यातली हाणामारी एका बंद कारखान्यात घडते. हिरो सातआठ जणांशी लढत लोखंडी जिन्याने वर जातो, वरच्या सज्ज्यावर शेवटच्या माणसाशी भिडतो आणि कठड्यासकट खाली कोसळतो. कोसळायचं ते दादाने. शूटिंग कल्याणच्या पुढे एका जुन्या शेडमध्ये चाललेलं. माझी एडिटिंगची खोली ठाण्यात, इस्त्रीच्या दुकानाच्या वर. दुपारी खालून गरम कपड्यांचा वास यायचा.

चौथ्या दिवशी दादा भर दुपारी घरी आला तो उजवा हात गळ्यात अडकवून. कॉलरबोनला चीर गेली होती. "सहा आठवडे आराम," तो म्हणाला. "कोणाची चूक नाही. पाय सुटला." आईने पोळीचे तुकडे करून ताट त्याच्या डाव्या हाताशी ठेवलं.

दोन दिवसांनी ते चित्रीकरण माझ्याकडे आलं.

पडण्याचे तीन टेक होते. कठडा हलक्या लाकडाचा, पण कलाविभागाने त्याला असा गंज चढवलेला की माझाही हात जपून गेला असता. खाली पुठ्ठ्याचे खोके, त्यांवर गाद्या, आणि गाद्यांवर जमिनीच्या रंगाचं कापड. पहिले दोन टेक स्वच्छ होते. तिसऱ्यात कठडा तुटायच्या जराच आधी दादाचा पाय खरोखर घसरला. अंग हवेत वाकडं फिरलं, तो गादीच्या कडेला आपटला आणि तिथून फरशीवर घरंगळला. 'कट' ऐकू येईपर्यंत तो हलला नाही. टेक वाया जाऊ नये म्हणून तसाच पडून राहिला.

सेटवरच्या माइकमध्ये दोनच आवाज आले होते. आपटल्याचा आवाज अगदी साधा, पिठाचं पोतं खाली ठेवल्यासारखा. त्यानंतर अगदी हळू, "आई गं."

मी मशीन बंद केलं आणि खाली जाऊन चहा प्यायले. इस्त्रीवाल्या काकांनी विचारलं, "आज लवकर सुटलीस?" मी नाही म्हटलं आणि परत वर आले.

संध्याकाळी दिग्दर्शक आले. त्यांनी तिन्ही टेक पाहिले आणि क्षणात म्हणाले, "तिसरा. बाकीचे विसर."

"सर, तो माझा भाऊ आहे."

त्यांना माहीत नव्हतं. ते खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "ठीक आहे, टेक तू निवड. पण थिएटरमधल्या माणसाला आपणच पडलो असं वाटलं पाहिजे. ते कसं करायचं ते तुझं."

पुढचे दोन दिवस मी हाणामारीच्या त्या चार मिनिटांत राहिले. कॅमेरामनने बरीचशी मारामारी खांद्यावर कॅमेरा घेऊन, माणसांच्या मध्ये घुसून टिपली होती. हिरोचा श्वास गालावर यावा इतक्या जवळून. पण सतत जवळ राहिलं की दार कुठे, जिना कुठे, हेच कळेना. आणि जागा कळली नाही तर उंचीची भीती कशी वाटणार? म्हणून मारामारी सुरू व्हायच्या आधी मी शेडचं एक लांबचं दृश्य घेतलं आणि ते जरा जास्तच वेळ थांबवलं. बघणाऱ्याला जिना दिसू दे, सज्जा दिसू दे, खालची फरशी दिसू दे. ठोसे मात्र आखूड केले. हात निघाला आणि मान वळली, मधला क्षणाचा कण काढून टाकला. तो कण डोळ्याला दिसत नाही, पण काढला की ठोसा बसतो.

पडण्यासाठी मी दुसरा टेक घेतला. कठडा तुटतो आणि दादा खाली जातो. आपटणं दाखवायचंच नाही असं ठरवलं. त्याऐवजी वर उभ्या माणसाचा खाली बघणारा चेहरा, आणि खालून वर येणारी धूळ. ती धूळ म्हणजे पंख्यासमोर उधळलेली मुलतानी माती.

उरलेलं काम आवाजाचं होतं. आमच्या गल्लीतच एक साठीचे गृहस्थ सिनेमासाठी आवाज बनवतात. त्यांच्या खोलीत जुनी दारं, साखळ्या, चपलांचे पन्नास जोड. त्यांनी ओल्या टॉवेलमध्ये उसाचं कांडं गुंडाळलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"किती लागायला हवं?"

"खूप. पण मरायला नको."

"म्हणजे एकच कांडं," ते म्हणाले आणि गुडघ्यावर मोडलं. मी डोळे मिटून घेतले. दादाच्या खऱ्या हाडाचा आवाज मी ऐकलाच नव्हता, कारण तो माइकमध्ये आला नव्हता. मग त्यांनी एका जुन्या दारावर वाळूची पिशवी टाकली, लाकडी कठड्याला पत्र्याचा कडकडाट दिला, आणि या सगळ्याच्या आधी अर्धा क्षण काहीच ठेवलं नाही. "इथे ढोल नको," त्यांनी मला बजावलं. संगीतकाराने तिथे दणकून ढोल वाजवले होते. मी फोन केला तेव्हा तो आधी चिडला. ऐकून पाहिल्यावर त्याने ते स्वतःच काढले.

शनिवारी दादा ठाण्याला आला, हात अजून गळ्यातच. "दाखव," म्हणाला.

मी दाखवलं. तो उभ्यानेच बघत होता.

"हा दुसरा टेक आहे."

"हो."

"तिसरा कुठाय?"

"नाही घेतला."

"अगं, त्याच्यात हाड मोडलंय माझं! आणि तू तो फेकून दिलास?"

"मला बघवत नाही रे, दादा."

"तुला बघवत नाही म्हणून लोकांनी पण बघायचं नाही? मी काय तुझ्यासाठी पडलेलो?"

तो आवाज चढवत नाही कधी. त्या दिवशी चढला. मला रागही आला आणि लाजही वाटली, कारण त्याचं खरं होतं. मी एडिटर म्हणून टेक निवडला नव्हता, बहीण म्हणून निवडला होता. मी उठले, तिसरा टेक आहे तसा जोडला, आवाजासकट, आणि खुर्ची त्याला दिली.

त्याने स्वतःला पडताना पहिल्यांदाच पाहिलं. चार वेळा लावायला सांगितलं. पहिल्या वेळी त्याचा डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. चौथ्या वेळी त्याने पडद्यावर बोट ठेवलं.

"इथे पाय सुटतो ना, ते घे. ते खरं आहे. मला परत सांगितलं तरी नाही जमणार."

"आणि खालचं?"

त्याने पडद्यावरचं बोट काढलं. "खालचं तुझंच राहू दे. खाली पडल्यावर तो हिरो राहिलाच नाही. मीच दिसतो तिथे. मी दिसलो की सीन गेला."

त्याचं तोंड क्षणभरच कॅमेऱ्याकडे वळलं होतं, पण वळलं होतं खरं. ते चित्र इतक्यांदा पाहूनही मला तेवढं कळलं नव्हतं. मला फक्त दुखणं दिसत होतं.

मग आम्ही दोघांनी मिळून ते जोडलं. पाय सुटतो तिसऱ्या टेकमधला, कठडा तुटतो दुसऱ्यातला, मग ती शांतता, वरचा चेहरा, उसाचं कांडं, धूळ. सांधा कुठे बसवायचा ते तो सांगत होता, कारण त्या क्षणी वजन कुठल्या पायावर होतं हे त्यालाच माहीत होतं. दिग्दर्शकांनी सोमवारी पाहिलं आणि म्हणाले, "हं. लॉक कर." म्हणजे आता यात बदल नाही. ते एवढंच बोलतात.

सिनेमा लागल्यावर रविवारी आम्ही तिघं कल्याणला दुपारच्या खेळाला गेलो. मी पडद्याकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघत होते. पाय सुटला तेव्हा पुढच्या रांगेतल्या माणसाने स्वतःचा पाय मागे ओढला. मग ती शांतता आली आणि सगळं थिएटर श्वास रोखून बसलं. कोणाच्या तरी हातातला पॉपकॉर्नचा पुडा करकरला तेवढाच. आईने पदर तोंडाशी नेला.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "यात तू कुठे होतास रे?"

"तो वरून पडला ना आई, तो मी."

"तो? तो तर हिरो होता!" आई थांबलीच. "मला वाईट वाटलं बिचाऱ्याचं."

दादा इतका खूश झाला की त्याने आम्हाला दोन-दोन आइस्क्रीमं खायला घातली. आईला एकच हवं होतं तरीही.

हाड केव्हाच जुळलं होतं. सहा आठवड्यांचे तीन महिने झाले, पण सिनेमा लागायच्या आधीच तो परत कामावर गेला होता. आता मी त्याच्या सिनेमावर नसले तरी पडायच्या आधी सेटवरून त्याचा फोन येतो. मागे जनरेटरचा आवाज असतो, कोणीतरी त्याला हाका मारत असतं, आणि तो घाईघाईत विचारतो, "ऐक, कॅमेरा डावीकडे आहे. एडिटरला सोपं पडावं म्हणून कुठला पाय आधी टाकू?"