सीमा विमान पाहायला आली

वलगावचा कुलदीप एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मदतनीस. हात सोन्याचा, पण जिभेला हाड नाही. छोटी इंजिनवाली विमानं बांधायची अन् रिमोटनं उडवायची, हा त्याचा नाद. बायको सीमा लग्न झाल्यापासून नाक मुरडत आली. यंदा मात्र अकोल्याला अशा विमानांच्या मेळाव्याला ती आपणहून निघाली, तेव्हा गडी हरखून गेला. हिनं एकदा तरी आपलं विमान उडताना पाहावं, एवढीच त्याची हौस होती.

मैदानावर सीमानं हळदकुंकू काढलं. नवी गाडी पुजतात तशी ती विमान पुजायला बसली. इंजिनात कचरा जाऊ नये म्हणून कार्बोरेटरच्या तोंडात मळकं फडकं कोंबलेलं होतं. पूजेत ते बरं दिसेना, म्हणून कुलदीपनंच उपसलं. तिनं मनोभावे कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या.

टाकी भरली, प्लगला बॅटरी लावली, काठीनं पंख्याला झटका दिला. इंजिन दोनदा खोकलं अन् गप्प झालं. पुन्हा झटका, पुन्हा तेच. शेजारी बॅटरीवाली विमानं बटण दाबताच भुर्रकन उडत होती.

"काय कुलदीपभाऊ, इंजिन म्हातारं झालं काय?" मेळावा भरवणारा मनोज माईकवरून बोलला. लोक हसले.

कुलदीपनं कार्बोरेटर खोलला. आत तांदळाचा दाणा अडकला होता. चूक कोणाची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण चारचौघांत नाक कापलं जायची वेळ आली की पुरुषाला बायकोच आठवते.

"माह्या बायकोनं तांदूळ चारले त्याले!" तो ओरडला. "अडाणी बाईले इथं आणलं, थेच चुकलं."

हशा पिकला.

"फडकं त तुमीच काढलं," सीमा हळूच म्हणाली.

"तू चूप राय!"

दाणा निघाल्यावर इंजिन एका झटक्यात सुरू झालं. विमान असं झकास उडालं की मनोजनंही टाळ्या वाजवल्या. कुलदीपनं फुशारकीनं वळून पाहिलं. सीमा फाटकाकडे चालली होती. विमान तिच्या डोक्यावरून गरजत गेलं, तिनं मान वर केली नाही.

"सीमा! अवं, थांब ना!"

इंजिनाच्या आवाजात त्याची हाक बुडाली. रिमोट सोडून धावावं तर विमान लोकांवर कोसळणार. तो तिथंच उभा राहून विमान फिरवत राहिला, अन् सीमा ऑटोत बसून निघून गेली.