जोडा शोभला पाहिजे

माझी स्थळं उंचीपायी मोडायची. मुलगा यायचा, पोहे खायचा आणि शेवटी त्याच्याकडची कुणीतरी बाई म्हणायची, "दोघांना जरा शेजारी उभं करा." जोडा शोभला पाहिजे ना. तिथंच सगळं फिस्कटायचं. मी काय ऊस होते, शेंडा छाटून आखूड करायला?

वारूळवाडीचं स्थळ निमगावला आमच्या घरी आलं, तेव्हा मात्र पंचाईत झाली, कारण मुलगा मला आवडला. तो नारायणगाव-जुन्नर जीप चालवायचा. "तुमाला काय इचारायचं हाय का?" असं त्यानं मलाच विचारलं. आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. पण तो माझ्या कानापर्यंतच येणार, हे बसल्या जागीच दिसत होतं.

चुलतीनं आत मला बजावलं होतं, "साडीच्या आत गुडघं वाकव. कुणाला कळत न्हाई." त्याच्या आत्यानं शेजारी उभं राहायला सांगितल्यावर मी तेच केलं. मांड्या थरथरत होत्या, पण डोकी जुळली. आत्या खूश झाली.

"आता दारापर्यंत जरा चालून दाखव, पोरी," ती म्हणाली.

वाकल्या गुडघ्यांनी चालले तर लंगडी दिसणार, सरळ झाले तर उंच. वडील मान खाली घालून बसले होते. चुलती डोळ्यांनीच 'तशीच चाल' म्हणून खुणावत होती. मला तिचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. गेलं स्थळ चुलीत, असं मनाशी म्हटलं आणि ताठ होऊन दारापर्यंत चालत गेले.

"निरोप कळवतो," एवढंच म्हणून मंडळी उठली. ह्याचा अर्थ आमच्या घरात पाठ झाला होता. त्यानंतर कित्येक दिवस चुलती माझ्याशी धड बोलली नाही. मी मात्र रस्त्यावर जीप वाजली की कान टवकारायचे, आणि स्वतःवरच चिडायचे.

आणि होकार आला.

लग्नात आत्यानं त्याच्या पाटाखाली दुसरा पाट सरकवला, माझा तर काढूनच घेतला. सगळा मांडव आमच्याकडं बघत होता. अंतरपाट खाली आला आणि माझे गुडघे आपसूक वाकले.

तो पाटांवरून खाली उतरला.

"सरळ उभी ऱ्हा," तो हळूच म्हणाला, आणि मला हार घालायला त्यानं टाचा उचलल्या.