गुंडूरावांची मुद्रणप्रत

बंगळूरच्या गवीपुरात राहणारे गुंडूराव नक्की काय करतात, हे त्यांच्या बायकोलाही कधी नीट सांगता आलं नाही. कुणी विचारलं की ती म्हणे, "पुण्याला कागद नेतात आणि पुण्याहून कागद आणतात." ते खरंच होतं. कर्नाटकातल्या मराठी माणसांनी लिहिलेल्या कथा-कादंबऱ्या पुण्याच्या प्रकाशकांच्या गळी उतरवायच्या आणि त्या प्रकाशकांची पुस्तकं हुबळी, धारवाड, बेळगावच्या वाचनालयांना पार्सलनं पाठवायची, हे काम त्यांनी पस्तीस वर्षं केलं. अशा माणसाला लिटररी एजंट म्हणतात, हे त्यांना साठीनंतर कळलं. तेव्हा ते चार दिवस जरा छाती काढून चालले.

हे कळायला आणि धंदा बसायला एकच गाठ पडली. केबल आली तशी वाचनालयं ओस पडली. अकराशे प्रतींची आवृत्ती पाचशेवर आली. ज्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांशी ते तासन्‌तास गप्पा मारत, तिथं काचेआड एक मुलगी कॉम्प्युटरवर पानं लावू लागली. जुने प्रकाशक एकेक करून भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसले आणि त्यांची मुलं म्हणू लागली, "कादंबरी नको हो. कॉम्प्युटर शिका, वजन घटवा, असलं काही असेल तर आणा." आता बंगळूरमध्ये वजन घटवणारा मराठी लेखक कुठून आणायचा? नेलेली बाडं गुंडूराव तशीच परत आणू लागले. शहाण्णव सालच्या दिवाळीत त्यांच्याकडे एकच बाड उरलं होतं, आणि ते छापून आणल्याशिवाय मरायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

ते कौशल्याअक्कांचं होतं. अक्का कॉटनपेठेतल्या शिंप्याच्या घरातल्या. चाळीस वर्षं त्यांनी परक्यांच्या शर्टांना काजं-बटणं केली, आणि नवरा गेल्यावर त्याच्या दुकानातल्या जुन्या मापवह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर एक कादंबरी लिहिली. काजं करणाऱ्या चार जावांची गोष्ट. पानाच्या एका बाजूला कुणाची छाती छत्तीस, कुणाची बाही बावीस. दुसऱ्या बाजूला जावांची भांडणं, बाळंतपणं आणि खिदळणं. घरात बोलत तसंच लिहिलेलं, निम्मं मराठी, पाव कन्नड आणि उरलेलं त्यांचं स्वतःचं. गुंडूरावांनी ते एका बैठकीत वाचलं आणि शेवटी ढसाढसा रडले. मग डोळे पुसून त्यांनी ते नीट करायला घेतलं.

ही त्यांची खोडच होती. बासष्ट साली पहिलं बाड घेऊन ते पुण्याला गेले, तेव्हा प्रकाशकानं त्यातली, 'थोडं'ऐवजी 'स्वल्प' आणि 'उगाच'ऐवजी 'सुम्ने' म्हणणारी दोन वाक्यं दुकानात बसलेल्या चार विद्वानांना मोठ्यानं वाचून दाखवली होती, आणि विद्वान चहा सांडेपर्यंत हसले होते. त्या दिवशी लाज वाटली ती जन्माची. तेव्हापासून कुणाचंही लिखाण ते जसंच्या तसं पुण्याला नेत नसत. स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात मुद्रणप्रत करत, म्हणजे छापखान्यासाठीची स्वच्छ प्रत. आणि ती करता करता बंगळूरचं सगळं वेचून काढत, तांदळातले खडे काढावेत तसं. मूळ कागद मग पार्सलांत पुस्तकांचे कोपरे दुमडू नयेत म्हणून कोंबायला उपयोगी पडत. लेखक काही म्हणत नसत. छापून येतंय ना, मग झालं.

अक्कांच्या प्रतीला चार महिने लागले. तोवर साखरेच्या दुखण्यानं अक्कांची नजर गेली होती, त्यामुळे ती प्रत त्यांनी वाचलीच नाही.

"तुम्ही केलंय म्हणजे सरीच, बरोबरच असणार की अण्णा," त्या म्हणाल्या. "स्वल्प लवकर करा मात्र. पुस्तक एकदा हातात धरायचंय मला."

पाच प्रकाशकांनी नाही म्हटलं. सहाव्या दारी, एका जुन्या प्रकाशकाच्या नातीकडे, गुंडूराव सत्त्याण्णवच्या जुलैत गेले. यशश्री तिशीची होती, चटपटीत होती आणि आजोबांची गादी चालवत होती. तिनं प्रत ठेवून घेतली आणि दोन दिवसांनी बोलावलं.

"काका, रागावू नका. गोष्ट फार चांगली आहे. पण शिंप्याच्या घरातल्या या बायका सदाशिव पेठेतल्या शाळेत शिकवायला असल्यासारख्या का बोलतात?"

गुंडूराव अभिमानानं म्हणाले, "भाषा मी सुधारली. मूळ फार गावंढळ होतं. कन्नड मिसळलेलं."

यशश्री खुर्चीत पुढे सरकली. "मूळ आहे ना तुमच्याकडे? काका, मला तेच हवंय! पुढच्या वर्षीपासून मी कादंबऱ्या बंद करतेय, परवडतच नाही. आजोबांच्या नावाखातर शेवटच्या तीन काढणार आहे. त्यातली एक जागा अक्कांची. दसऱ्यापर्यंत मूळ आणून द्या. ही नको."

'ही नको' म्हणताना तिनं मुद्रणप्रत अगदी हलक्या हातानं पुढे सरकवली. पस्तीस वर्षांत गुंडूरावांना इतक्या आदरानं कुणी बुडवलं नव्हतं.

अक्कांची मापवह्यांची पानंही त्यांनी नेहमीसारखी पार्सलांत कोंबून टाकली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं बैल बिचाऱ्या दुसऱ्याच बाईचा होता. घरी येताच त्यांनी माळा उपसला. मग अकरा वाचनालयांना कार्डं टाकली, की आमच्या पार्सलात जुने मापाचे कागद आले होते, ते जपून ठेवले असल्यास कृपया परत पाठवावेत. आता पार्सलातला बोळा कोण जपून ठेवतो? धारवाडहून उत्तर आलं, रद्दी दर महिन्याला जाते. हुबळीचं वाचनालय बंद होऊन तिथं कॉम्प्युटर क्लास निघाला होता. बाकीच्यांना म्हातारा चळला असं वाटलं असावं. बेळगावला ते स्वतः गेले, कपाटांमागं हात घालघालून शोधलं आणि धुळीनं माखून परत आले. एवढ्या वर्षांत आपण किती जणांचं असं कोंबून टाकलं, हे तिथं पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं.

दसऱ्याला नऊ दिवस उरले. वाट एकच होती. अक्कांनाच गोष्ट पुन्हा सांगायला लावायची आणि आपण शब्दन्‌शब्द उतरवून घ्यायचा. कोरी वही आणि मुद्रणप्रत पिशवीत घालून ते कॉटनपेठेत गेले.

दार अक्कांच्या सुनेनं, शिल्पाश्रीनं उघडलं. "बसा की. पण अत्ते आता बोलता बोलता विसरतात हां, अण्णा."

अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. आवाज ओळखून त्यांचा चेहरा फुलला. "आलात? पुस्तक आणलं काय?"

"आणतो अक्का. आधी ती गोष्ट मला पुन्हा एकदा सांगा. तुम्ही बोलता तशीच. मी लिहून घेतो."

"चौघी जावा होत्या," अक्कांनी सुरुवात केली. "थोरली... थोरली ती..." त्या थांबल्या, आठवून पाहू लागल्या आणि मग हसल्या. "नाही येत हो. लिहिलंय की सगळं. कागदावर ठेवलंय ते डोक्यात परत कशाला ठेवू?"

तरी गुंडूरावांनी धीर धरला. "थोडं वाचून दाखवतो. म्हणजे आठवेल." त्यांनी मुद्रणप्रत उघडली. "त्या सायंकाळी थोरल्या जाऊबाईंच्या मुद्रेवर विषण्णतेची छाया पसरली होती..."

अक्का मान तिरकी करून ऐकत राहिल्या. एक पान झालं, दोन झाली.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "कुणी लिहिलंय?"

गुंडूरावांनी उगाच पुढचं पान उलटलं.

"पुण्याच्या कुणी बाई असणार. शिकलेल्या दिसतात. पण अण्णा, त्यांचं सुम्ने मला कशाला ऐकवता? माझं वाचा की."

गुंडूरावांनी प्रत मिटली. चार महिने त्यांनी अक्कांच्या पानांवर घालवले होते, त्या पानांवर ते रडले होते. डोळे मिटून ते अक्कांचं एक वाक्य शोधू लागले. एकच, अक्कांनी लिहिलं होतं तसं. थोरली समोर आली, तिच्या हातातली सुई आली, पण ती तोंड उघडे आणि गुंडूरावांच्याच सुधारलेल्या मराठीत बोले. त्यांनी पुन्हा पुन्हा शोधलं. अक्कांचं एकही वाक्य त्यांना आठवेना.

"वाचा की," अक्का म्हणाल्या, आणि ऐकायला सावरून बसल्या.